एकवीस तास चाळीस मिनिटं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे वेळापत्रक म्हणायचे. तोंडावर काका आणि पाठ वळली की वेळापत्रक. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली, तेव्हा दोन्ही नावांवर माझा हक्क आहे.

विमानाची तिकिटं काढून द्यायचं ऑफिस होतं आमचं. पहिला मजला, दोन टेबलं, टेबलांवर काचा, एक कपाट आणि कपाटावर पृथ्वीगोल. खाली चपलांचं दुकान, वर दातांचा दवाखाना. दवाखान्यात नंबर लागायला वेळ असला की सुजलेल्या गालांची माणसं गंमत बघायला आमच्याकडे उतरायची. गंमत म्हणजे काका. जगातली कुठलीही दोन शहरं म्हणा, काका मान वर न करता सांगणार: अंतर इतके हजार इतके किलोमीटर, थेट गेलात तर इतके तास इतकी मिनिटं, थेट नसेल तर मध्ये अमुक ठिकाणी उतरा, आणि इथे आता चार वाजलेत म्हणजे तिथली माणसं दात घासत असतील. संगणक यायच्या आधी ते पृथ्वीगोलावर दोरा ताणून अंतर काढायचे. मग संगणक आला आणि तेच आकडे सांगायला लागला. काकांनी आठवडाभर त्याची परीक्षा घेतली आणि त्याला पास केलं.

स्वतः मात्र विमानात कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. एका गिऱ्हाइकानं यावरून त्यांना डिवचलं, तेव्हा म्हणाले, "बाळंतपणं करणारा डॉक्टर स्वतः बाळंत झालेला असतो का?" मी टेबलाखाली पडलेलं पेन शोधायच्या निमित्तानं हसून घेतलं.

कामाच्या दोन रीती त्यांनी घालून दिल्या होत्या. पहिली रीत, गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी विचारायचं, "निघणार कुठून?" जायचं कुठे ते लोक दारातूनच ओरडत येतात, निघायचं कुठून ते सांगायचं विसरतात. मी नवीन असताना एका बाईंचं तिकीट आमच्या शहरातून काढलं होतं आणि त्या बसल्या होत्या बहिणीकडे, दुसऱ्या टोकाला. काकांनी ती चूक मला बावीस वर्षं तारखेसकट ऐकवली. दुसरी रीत ताळ्याची. लांबचा प्रवास असला की ते एका चिठ्ठीवर सगळा वेळ मांडायचे. घर ते विमानतळ, तिथलं थांबणं, उड्डाण, मधला थांबा, पुन्हा उड्डाण, विमानतळ ते दार. खाली बेरीज, खाली सही. मग ती चिठ्ठी माझ्या टेबलावर सरकवायचे आणि म्हणायचे, "बाई, ताळा." मी बेरीज खालून वर करायची, जमली की त्यांच्या सहीखाली माझी सही. त्यांच्या बेरजेत मला एकदाही चूक सापडली नाही. सापडली असती तर मी पेढे... जाऊ दे, सापडली नाही.

माणूस वाईट नव्हता, पण आकडा एकदा तोंडात आला की त्यांना समोरचं तोंड दिसायचं नाही. कुणाचं तरी माणूस दूरदेशी शेवटच्या घटका मोजतंय आणि तिकीट हवंय, अशी गिऱ्हाइकं यायची. काका त्यांना आधी पाणी द्यायचे आणि मग आकडा. एकदा एक बाई आल्या, वडील अत्यवस्थ. काकांनी विचारलं, डॉक्टर किती तास म्हणतात. दहा, म्हणाल्या. काकांनी चिठ्ठी मांडली, सतरा तास तीस मिनिटं आले. म्हणाले, "पोचत नाही तुम्ही. मग आजचं विमान कशाला? उद्याचं घ्या, झोप तरी होईल." बाईंनी हट्टानं त्याच दिवशीचं घेतलं आणि वडील गेले तेव्हा त्या विमानात, समुद्राच्या वर होत्या. महिन्यानं त्या मुद्दाम जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही बरोबर सांगितलं होतं. काका म्हणाले, "हो." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या ते लक्षात आलं.

त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. जो पोचणारच नाही त्याला बोलावू नये. बोलावलं तर तो अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून रडत येतो, त्यापेक्षा जमिनीवर उभं असताना कळलेलं बरं. हे ते इतक्या वेळा म्हणायचे की मलाही ते पटायला लागलं होतं.

आता त्यांच्या चिरंजिवांबद्दल. एकुलता एक. नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी गेला तो अकरा हजार दोनशे किलोमीटरवर. तो ज्या दिवशी गेला त्या दिवशी काकांनी चिठ्ठी मांडली. घर ते विमानतळ एक तास, तिथे तीन, उड्डाण सात तास पाच, थांबा दोन तास पन्नास, उड्डाण सहा तास तीस, विमानतळ ते आपलं दार एक तास पंधरा. एकवीस तास चाळीस मिनिटं. मी ताळा केला, सही केली, आणि ती चिठ्ठी त्यांच्या टेबलाच्या काचेखाली गेली. मुलाचा फोटो कुठेच नव्हता, ती चिठ्ठी होती. कुणी मुलाची चौकशी केली की काका काचेवर बोट ठेवायचे.

पहिली तीन वर्षं मुलगा वर्षातून एकदा यायचा. मग रजा मिळेनाशी झाली, मग लग्न तिकडेच झालं, मग येणं थांबलंच. काकूंनी तोंड उघडलं की काका त्याचीच वकिली करायचे. दोन दिवसांसाठी एवढ्या लांबून काय यायचं, जाण्यायेण्यात त्रेचाळीस तास वीस मिनिटं जातात. काकू म्हणायच्या, मला फक्त एकदा त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचाय, त्याला किती मिनिटं लागतात ते सांगा. याचं उत्तर काकांच्या पृथ्वीगोलावर नव्हतं.

रविवारी सकाळी नऊला त्याचा फोन यायचा, चेहरा दिसायचा तसला. साडेनऊ तासांचा फरक, म्हणजे इथे नऊ तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा. मुलगा रात्रीच्या कपड्यांत असायचा, मागे पडदा ओढलेला, बोलता बोलता जांभया द्यायचा. काकू म्हणायच्या, झोप बाळा, दमलास. पाच मिनिटांत फोन संपायचा.

एका रविवारी पडदा वाऱ्यानं उडाला आणि मुलाच्या खांद्यावर ऊन पडलं. काकूंनी ते पाहिलं. मुलाला विचारलं, तर तो म्हणाला समोरच्या इमारतीचा मोठा दिवा आहे. काकूंनी काकांना सांगितलं, तर काका म्हणाले, "रात्री साडेअकराला ऊन पडत असेल तर पृथ्वी उलटी फिरायला लागली असेल. उद्या ऑफिसात बघतो." आणि ऑफिसात येऊन त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. दातांचे पेशंटसुद्धा गाल धरून हसले. मीही हसले, उगाच आता साळसूदपणा करत नाही. पुढच्या वेळी काकू डबा द्यायला आल्या तेव्हा कुणीतरी विचारलं, काय काकू, रात्रीचं ऊन कसं आहे? त्याही हसल्या. त्यानंतर त्यांनी उन्हाचं नाव काढलं नाही.

पुढच्या वर्षी काकूंचं हृदय थकलं. दोनदा दवाखान्यात जाऊन परत आल्या. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा चार दिवस झाले तरी सोडायचं नाव नव्हतं. त्यांचं मागणं एकच होतं, मुलगा दिसावा. दुसरं काही त्यांनी मागितलं नाही, औषधाबद्दलसुद्धा विचारलं नाही.

पाचव्या दिवशी, बुधवारी, सकाळी सातला डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावलं. आजचा दिवस आहे, संध्याकाळ बघतील असं वाटत नाही, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. काकांनी काय करावं? मला फोन केला. मी दात घासत होते. त्यांनी आकडे सांगितले, एक, तीन, सात पाच, दोन पन्नास, सहा तीस, एक पंधरा, आणि म्हणाले, "बाई, ताळा." मी तोंडात फेस घेऊन खालून वर बेरीज केली. एकवीस चाळीस, म्हटलं. बरोबर आहे. ते म्हणाले, "मग पोचत नाही तो." मीही म्हटलं, नाही पोचत. समोर आरशात मी, ब्रश हातात, आणि एका बाईचा मुलगा आला नाही तो असा.

नऊच्या सुमाराला मी दवाखान्यात गेले. खोलीत दोन खाटा, दुसरी रिकामी. काकूंचा भाऊ खिडकीशी उभा होता. काकूंच्या नाकाला नळी होती, बोलताना धाप लागत होती. त्यांनी काकांना विचारलं, फोन केला का. काका म्हणाले, करतो. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. काका म्हणाले, अगं त्याला एकवीस तास चाळीस मिनिटं लागतात, उगाच त्याच्या जिवाला घोर. तेव्हा काकूंनी त्यांचा हात धरला आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा काढून म्हणाल्या, "तुम्ही बोलवा. पोचेल तो."

काका म्हणाले, "पृथ्वी काय तुझ्या माहेरची आहे, तू म्हणशील तेव्हा लहान व्हायला?"

हे त्यांनी रागानं नाही म्हटलं. चाळीस वर्षं ते बायकोशी असंच बोलत आले होते आणि चाळीस वर्षं त्या हसत आल्या होत्या. या खेपेला हसल्या नाहीत. हात सोडला आणि भिंतीकडे मान वळवली. मेहुण्यानं काकांकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं. पुढचे चार तास त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. एक वाजून पंचवीस मिनिटांनी गेल्या. वेळ काकांनीच घड्याळात पाहून सांगितली, नर्सनं ती लिहून घेतली.

एक चाळीसला काकांनी मुलाला फोन लावला. लावण्याआधी म्हणाले, तिथे पहाटेचे चार दहा झालेत, बिचारा गाढ झोपेत असेल. दुसऱ्या रिंगला त्यानं उचलला. मी शेजारीच होते, फोनचा आवाज मोठा होता. मागे कपबश्यांचा खणखणाट आणि पंधरावीस माणसांचा कलकलाट ऐकू येत होता. काका म्हणाले, "जागाच होतास?" तो म्हणाला, झोप येत नव्हती, बाबा. काकांनी सांगितलं. तो रडला, खरंच रडला, त्यात खोट नव्हती. काका म्हणाले, "नीघ." तो म्हणाला, निघतो.

बावीस वर्षं ज्यानं खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक माणसाला 'निघणार कुठून' विचारलं, त्यानं आपल्या मुलाला ते विचारलं नाही. उत्तर माहीत होतं ना. काचेखालीच होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

संध्याकाळपर्यंत घरात माणसं जमली. बाहेरच्या खोलीत सतरंजी, आत बायका, जिन्यात चपलांचा ढीग. काका येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते. मुलगा उद्या सकाळी अकरा वीसला दारात येईल, दुपारी एकला न्यायचं. आणि त्यात भर घालत होते, आईचा जीव जाताना पोराला तिकडे झोप लागली नाही हो, पहाटे चारला टक्क जागा होता. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. एकजण म्हणाली, रक्ताची ओढ असते, तिला अंतर कळत नाही. मला त्या कपबश्या आठवत होत्या. पण पहाटे चारला कुठे ऑफिसचं उपाहारगृह भरतं, असा विचार करून मी तो विषय मनातल्या मनात मिटवला. उंटावरची शहाणी मीही होतेच.

सहा पन्नासला दार वाजलं. शेजारणीनं उघडलं. दारात मुलगा.

खांद्याला लहानशी बॅग, ऑफिसचे कपडे, शर्ट आत खोचलेला, चेहऱ्यावर रडून आलेली सूज. पण प्रवासाची सूज वेगळी असते, आम्हाला ती ओळखता येते. एकवीस तास बसून आलेल्या माणसाच्या शर्टाची इस्त्री शाबूत राहत नाही. खोलीत एकदम रडण्याचा लोट आला. आला गं, आला, पोर आलं. कुणाला किलोमीटरची पडली होती? अकरा हजार किलोमीटर पाच तासांत कापणारं विमान आज कुठे उडत नाही, पण त्या घरात गुणाकार करणारी माणसं दोनच होती. मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते.

तीन चाळीसचं विमान. त्याशिवाय सहा पन्नासला दारात येताच येत नाही. घर ते विमानतळ चाळीस मिनिटं, तिथे एक वीस, उड्डाण दोन दहा, खाली उतरून, पासपोर्टची रांग नाही म्हणून, आपल्या दारात यायला एक तास. पाच तास दहा मिनिटं. दोन दहाच्या उड्डाणावरचं ते शहर आम्ही रोज विकतो. लोक सकाळच्या नऊच्या विमानानं तिथून इथे कामाला येतात आणि रात्री जेवायला परत घरी जातात. त्या शहरात आपल्यासारखंच सकाळी नऊला ऊन पडतं.

काका उठले आणि मुलाला पोटाशी धरलं. त्याच्या शर्टाच्या खिशातून विमानाच्या पासाचं टोक बाहेर आलेलं होतं. मिठीतल्या मिठीत काकांनी ते दोन बोटांनी ओढून घेतलं आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात घातलं. आयुष्यभर कागद हाताळलेली बोटं ती, पोराला पत्ताही लागला नाही. माझ्याशिवाय कुणी ते पाहिलं नाही.

मग शेजारीण म्हणाली, काका, तुम्ही तर उद्या सकाळ म्हणाला होतात. काका म्हणाले, "थेट विमान सुरू झालंय म्हणे नवीन. मला ठाऊक नव्हतं. वाराही पाठीमागून असणार." आणि त्याला जोडून, "माझा हिशेब चुकला."

मी त्या माणसाच्या तोंडून हे तीन शब्द कधी ऐकले नव्हते. ते खोटे होते आणि त्यांनी ते नीट, स्पष्ट म्हटले.

काकूंचा भाऊ भिंतीला टेकून बसला होता, तो उठला. तो फार बोलणारा माणूस नाही. म्हणाला, "डॉक्टरांनी सकाळी सातला सांगितलं होतं. माझ्यासमोर ती दोनदा म्हणाली, बोलवा, पोचेल तो. पाच तासांत पोर दारात येतं, आणि तुम्ही तिला माहेरचा टोमणा मारून गप्प केलंत. माझी बहीण भिंतीकडे तोंड करून गेली ती तुमच्या आकड्यांपायी."

सगळ्या खोलीनं काकांकडे पाहिलं, आणि ते बघणं काही सांत्वनाचं नव्हतं. मुलगा मध्ये उभा होता. त्याला एक वाक्य पुरलं असतं. मामा, त्यांचं चुकलं नाही, मी खोटं बोललो. आठ शब्दसुद्धा झाले नसते. त्यानं मान खाली घातली आणि बॅगेचा पट्टा हातात फिरवत राहिला. मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, चिठ्ठीवर चुकीची जागा दाखवताना हलवायचे तशी, एवढीशी. मी तोंड मिटलं. काका मेहुण्याला म्हणाले, "खरं आहे तुझं."

मेहुणा त्यांच्याशी त्यानंतर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी न्यायचं झालं तेव्हाही तो लांबून चालला. जमलेल्यांपैकी बऱ्याचजणींनी पुढे महिनाभर ही गोष्ट घरोघर नेली, की त्या वेळापत्रकानं बायकोला मुलाचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही.

सगळं उरकल्यावर मी मुलाला जिन्यात गाठलं. कधीपासून, एवढंच विचारलं. त्याला वाटलं होतं मला कळणार नाही. थोडा वेळ त्यानं चाचपून पाहिलं आणि मग सांगून टाकलं. दोन वर्षं. बदली झाली होती. सांगणारच होतो, पण राहून गेलं. मी विचारलं, राहून कसं गेलं, प्रत्येक रविवारी जांभया द्यायला बरी आठवण राहिली.

तो म्हणाला, "तुम्हाला बाबा माहीत नाहीत का? जवळ आलोय कळलं असतं तर दर शनिवारी हिशेब मांडला असता. दोन तास दहा मिनिटं, मग का आला नाहीस. लांब होतो तेव्हा कुणी काही मागत नव्हतं."

मला हात होता आणि त्याला गाल होता, पण मी जिन्याचा कठडा धरला. म्हटलं, तुझ्या आईनं कधी तास विचारले नाहीत, ती जेवलास का विचारायची. त्यावर त्याचे डोळे भरले. मला त्याची दया आली नाही, अजून येत नाही. मग त्यानं हळूच विचारलं, "बाबांना कळलं नाही ना? ते वाऱ्याचं वगैरे म्हणाले, म्हणजे त्यांना खरंच वाटलंय ना?"

मी म्हटलं, "नाही रे. त्यांना काय कळतंय त्यातलं."

तो हायसं वाटून खाली उतरला. चौथ्या दिवशी परत गेला. काका त्याला विमानतळावर सोडायला निघाले होते, तर तो नको म्हणाला, लांबचा प्रवास आहे, लवकर जाऊन बसावं लागेल, तुम्ही कशाला थांबता. काका बरं म्हणाले. पोचलास की कळव, म्हणाले. त्यानं इमानदारीत एकवीस तास चाळीस मिनिटं थांबून पोचल्याचा निरोप पाठवला. काकांनी तो मला दाखवला. म्हणाले, वेळेवर पोचला.

महिन्यानं ते ऑफिसात यायला लागले. काम तसंच करत, फक्त गंमत बघायला आलेल्यांना उत्तर देत नव्हते. दोन शहरं कुणी म्हटली की संगणक त्याच्याकडे वळवून ठेवायचे. हळूहळू सुजलेले गाल वरच बसून राहायला लागले. दुसरी एक गोष्ट बदलली. रविवारी नऊला मुलाचा फोन अजून यायचा, पडदा ओढलेला, जांभया तशाच. काका त्याला म्हणायचे, झोप आता, रात्र फार झाली. हे त्यांनीच मला सांगितलं. मी विचारलं, का असं करता? म्हणाले, त्याला लांबच राहायचंय, तर राहू दे.

एका सोमवारी सकाळी गिऱ्हाईक कुणी नव्हतं. काकांनी टेबलाची काच एका बाजूनं उचलली, नऊ वर्षांची चिठ्ठी बाहेर काढली आणि फाडून टोपलीत टाकली. मग कोरी चिठ्ठी घेऊन लिहायला बसले. लिहायला त्यांना एवढा वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. खाली बेरीज केली, सही केली, सदऱ्याच्या खिशातून तो पास काढून टाचणीनं चिठ्ठीला लावला आणि ते माझ्या टेबलावर सरकवलं.

"बाई, ताळा."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: फोन सकाळी सात. घर ते विमानतळ चाळीस मिनिटं, तिथे एक वीस. नऊचं विमान. उड्डाण दोन दहा. विमानतळ ते दवाखाना एक तास. खोलीत दुपारी बारा दहा. त्याखाली, ती गेली एक पंचवीस. त्याखाली रेघ, आणि रेघेखाली, उरलेला वेळ एक तास पंधरा मिनिटं.

मी म्हटलं, काका, हे कशाला. ते टेबलावर हात ठेवून वाट बघत राहिले. मला खोटं बोलता आलं असतं. दवाखाना विमानतळापासून लांब आहे म्हणता आलं असतं, नऊचं विमान बुधवारी नसतं म्हणता आलं असतं, काहीही म्हणता आलं असतं. पण त्या माणसानं मला बावीस वर्षं एकच गोष्ट शिकवली होती. आणि त्या बुधवारी सकाळी तोंडात फेस घेऊन 'नाही पोचत' म्हणणारी मीच होते.

मी खालून वर बेरीज केली. एकदा केली, पुन्हा केली.

"जमतोय," मी म्हटलं.

काका म्हणाले, "सही करा."

मी त्यांच्या सहीखाली सही केली. त्यांनी चिठ्ठी घेतली, काचेखाली ठेवली, काच नीट बसवली आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला बसायला सांगितलं. गिऱ्हाईक घाईत होतं, उभ्याउभ्याच कुठे जायचं ते सांगायला लागलं.